लाजऱ्या नजरेची नक्कल

जुन्या चित्रांच्या हुबेहूब नकला करून पोट भरणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ताई त्यांतली एक. तिला सगळे ताईच म्हणत, वयानं मोठी माणसंसुद्धा. ऐन उमेदीची वर्षं तिनं संग्रहालयात घडीच्या स्टुलावर बसून काढली होती, समोरच्या मोठ्या चित्रातला एकेक रंग आपल्या कॅनव्हासवर उतरवत. स्वतःचं असं चित्र तिनं कधी काढलंच नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "दुसऱ्यांचं अक्षर गिरवता गिरवता माझं वळणच गेलं. आता कुठलं बसायला!"

ती राहायची धाकट्या बहिणीबरोबर. वर दोघींचं घर आणि खाली बहिणीचं छपाईचं दुकान. दुकानात भला मोठा स्कॅनर होता, आणि कॅनव्हासवर चित्र छापणारं एक लांबलचक मशीन, ज्याला बहीण पोटच्या पोरासारखं जपायची. ताईला तिनं नाव ठेवलं होतं झेरॉक्स. "तू महिनाभर बोटं झिजवतेस, ते माझं मशीन चहाला उकळी फुटेपर्यंत ओकून टाकतं," असं ती येताजाता ऐकवायची. ताई म्हणायची, "ओकतं हा शब्द तूच वापरलास, मी नाही." दोघींचं असं बरं चाललं होतं.

एके सकाळी दुकानात एक गृहस्थ आले. मोबाईलमध्ये एका चित्राचा फोटो होता. त्यांची आई तरुणपणी जशी दिसायची तसं तिचं तैलचित्र, त्या काळच्या एका नावाजलेल्या चित्रकारानं काढलेलं. आई आता पडून हाड मोडल्यामुळे अंथरुणाला खिळली होती आणि थोरल्या भावाकडे होती. हे धाकटे. पुढेमागे चित्रावरून दोघा भावांत वाकडं यायला नको, म्हणून त्याची चांगली प्रत कॅनव्हासवर छापून घ्यावी, असं त्यांच्या मनात होतं. बहीण खूश झाली. कॅमेरा, दिवे घेऊन घरी येते म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी थोरला स्वतः दुकानात हजर झाला. स्वच्छ कपडे, नीट कापलेली नखं, आवाज इतका हळू की बहिणीला मशीन बंद करावं लागलं. भावाच्या वतीनं त्यानं आधी माफी मागितली. मग सांगितलं, की आईचा चेहरा कुणाच्या मशीनमध्ये जायला नको. मशीन एकाच्या पन्नास प्रती काढतं, त्या कुठे कुठे जातात याला धरबंध नसतो. हातानं केलेली नक्कल एकच असते. तुमच्या ताईंनी ती करावी, पण चित्र घराबाहेर जाणार नाही. त्यांनी घरी येऊन, त्याच्या नजरेसमोर करावी. एवढं बोलून तो उठला, आणि बसायला ओढलेली खुर्ची पुन्हा होती तशी, अगदी होती त्याच जागी, सरकवून गेला.

"काय गोड बोलतो ग माणूस," बहीण नंतर म्हणाली. "पण पापणी म्हणून लवली नाही त्याची."

ताईनं मनावर घेतलं नाही. गिऱ्हाईक म्हटलं की नाना तऱ्हा. शिवाय चित्राचा फोटो पाहूनच तिचे हात शिवशिवायला लागले होते.

घर चांगलं ऐसपैस होतं. जाड गालिचे, गडद पडदे, आणि कुठेही एक वस्तू इकडची तिकडे नाही. थोरल्याचं कामकाज घरातच, पुढच्या खोलीत चालायचं. फाटकाची किल्ली त्याच्या खिशात असे, येणाऱ्याजाणाऱ्याला तोच दार उघडे आणि तोच लावून घेई. त्याची बायको, म्हणजे या घरची सून, ताईला पहिल्या दिवशी चहा देऊन गेली तेव्हा "साखर घालू का" एवढंच बोलली, आणि तेही नवऱ्याकडे बघून.

चित्र आईच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर होतं. ताईनं आईंना काकू म्हणायला सुरुवात केली आणि त्यांना ते आवडलं. शरीर थकलं होतं, तरी काकूंचं डोकं लख्ख होतं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला आडवी टाकलीय आणि समोर मलाच टांगलीय. कुणाशी बोलावं तेच कळत नाही बघ."

चित्रातली तरुणी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. खांद्यावर निळसर शाल, एक हात मांडीवरच्या मिटलेल्या पुस्तकावर, दुसरा खुर्चीच्या हातावर. ओळखीपाळखीत हे चित्र 'लाजरी' म्हणूनच प्रसिद्ध होतं. येणारा प्रत्येकजण म्हणायचा, काय लाजरी नजर पकडलीय. पहिल्या नजरेत ताईलाही तसंच वाटलं.

नक्कल करण्याची तिची ठरलेली रीत होती. चित्रासमोर बारीक दोऱ्यांची जाळी ताणायची, तशीच जाळी आपल्या कॅनव्हासवर फिक्या रेघांनी आखायची आणि एकेका चौकोनात जे आहे ते उतरवायचं. मग तपकिरी रंगात नुसती छाया. ती वाळली की पातळ रंगांचे थर, एकावर एक, काचेसारखे. या कामात चेहरा चेहरा म्हणून बघायचाच नसतो. नाक म्हणून काढायला गेलं की आपल्या मनातलं नाक उतरतं. चौकोनातला नुसता आकार बघायचा. ताईला त्याची इतकी सवय होती, की शालीच्या चुण्या आणि खिडकीचा उजेड तिनं गुणगुणत संपवला.

थोरला अधूनमधून यायचा. गालिच्यामुळे पावलं वाजत नसत. ताईच्या मागे, उजव्या खांद्याच्या जरा बाजूला, हात पाठीशी बांधून तो उभा राही. बोलत नसे. तो आलाय हे ताईला काकूंवरून कळे, कारण त्या एकदम डोळे मिटून घेत आणि झोपलेल्या माणसासारखा श्वास लांबवत. मग आपोआप ताईची पाठ ताठ होई. जाताना तो एखादंच वाक्य बोले. "आज तुम्ही पांढऱ्याची नवी ट्यूब फोडलीत." किंवा, "काल तुम्ही हा ब्रश डावीकडे ठेवला होता." तक्रारीचा सूर नसायचा. तरीही ताई घरी गेल्यावर बहिणीला म्हणाली, "त्या घरात शिंकायचं झालं तरी परवानगी काढावीशी वाटते ग."

हाताचा चौकोन आला तेव्हा तिला पहिल्यांदा चुकल्यासारखं झालं. खुर्चीच्या हातावर टेकलेली बोटं तिनं सैल काढली होती, कारण लाजरी मुलगी अशीच बसणार. ताडून बघताना जुळेनात. मूळ चित्रात बोटांची पेरं पांढरी पडली होती. हात टेकलेला नव्हता, त्यानं खुर्ची घट्ट धरून ठेवली होती.

मग डोळे. ताई तिथं अडकली ती अडकलीच. काढावं, पुसावं, पुन्हा काढावं. खालच्या पापण्या ताणलेल्या होत्या. बुबुळाच्या वर पांढऱ्याची एक अगदी बारीक कड दिसत होती, लाजलेल्या डोळ्यांत कधी दिसत नाही ती. आणि नजर बघणाऱ्याकडे नव्हतीच. ती बघणाऱ्याच्या खांद्यावरून, थोडी पलीकडे जात होती. चित्रकार जिथं बसला असेल त्याच्या मागे, उजव्या बाजूला. तिथं कुणीतरी उभं असल्यासारखी.

चूक कळत नसली की ताई हातआरसा काढायची. चित्रांकडे पाठ करून आरशात दोन्ही चेहरे शेजारी शेजारी बघायचे. उलटे झाले की डोळा फसत नाही, काय वाकडं आहे ते चटकन ध्यानात येतं. त्या दिवशी तिनं आरसा धरला आणि त्यात दोन्ही चेहऱ्यांच्या कडेला तिसरा दिसला. सून चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. चेहरा साधा, जरा दमलेला. त्याच क्षणी तिच्यामागून थोरला खोलीत शिरला. त्यानं केलं काहीच नाही. फक्त तिच्या हातातल्या ट्रेकडे पाहिलं. सुनेची बोटं ट्रेच्या कडेवर आवळली गेली, पापण्या ताणल्या, बुबुळं एका बाजूला सरकली आणि वर पांढऱ्याची बारीक कड उमटली. आरशात तीन चेहरे होते, आणि मूळ चित्रातल्या नि सुनेच्या चेहऱ्यावर एकच नजर होती.

ताईनं आरसा मांडीवर पालथा घातला.

तो पुढच्या खोलीत निघून गेला. मग काकूंनी डोळे उघडले.

"दिसलं वाटतं तुला," त्या म्हणाल्या.

"काय, काकू?"

"जे चित्रकाराला दिसलं होतं ते."

आणि मग दाराकडे कान ठेवून, तुटक तुटक, त्यांनी सांगितलं. चित्र काढून होईपर्यंत त्यांचा नवरा रोज चित्रकाराच्या मागे उभा राहायचा, हात पाठीशी बांधून. लोक लाजरी म्हणतात. लाजायला लग्न काही कालचं नव्हतं, वर्ष उलटून गेलं होतं, आणि शालीखाली कसले वळ झाकले होते ते त्यांचं त्यांना ठाऊक. थोरला तेव्हा पोटात होता. पुढे त्यानं सगळं पाहिलं आणि सगळं उचललं, फक्त आवाज तेवढा बापासारखा चढवला नाही. "बाप आरडाओरडा करायचा, त्यामुळे निदान कधी सावध व्हायचं ते कळायचं," काकू म्हणाल्या. "याचं तेवढंही कळत नाही."

ताईनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"चांगला होता हो तो चित्रकार," काकू पुढे म्हणाल्या. "सगळं बघितलं त्यानं आणि जसंच्या तसं काढलं. एक रेघ लपवली नाही. मग ब्रश धुतले, सही केली आणि गेला." त्यांनी ताईकडे मान वळवली. "तू काय करणार आहेस?"

ताईनंही त्या दिवशी ब्रश धुतले आणि ती घरी गेली. बहिणीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, की आपण कोण लागून गेलो, लोकांच्या घरातल्या भानगडी, उद्या अंगाशी आलं तर. बहिणीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे सगळं तू मला पटवतेयस की स्वतःला?"

दुसऱ्या दिवसापासून ताई नकलेत फक्त डोळे करत बसली. एक विचित्र गोष्ट तिच्या लक्षात आली. एरवी ते डोळे काही केल्या जमत नसत. पण थोरला मागे येऊन उभा राहिला, की तिच्याच पाठीतून उतरल्यासारखी ती पांढरी कड ब्रशच्या टोकावर बरोब्बर यायची. ज्या दिवशी डोळे पुरे झाले त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला.

"आता आई वाटते," तो म्हणाला. त्याचं समाधान झालेलं ताईनं तेव्हा एकदाच पाहिलं.

ब्रश धुवायला ताई मागच्या मोरीत जायची. तिथं भांडी घासताना सून भेटे. ताईनं नळ पूर्ण सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड तिला इथून निघून जायचंय का ते विचारलं. सुनेनं आधी मान वर केली नाही. तिला माहेरी जायचं नव्हतं, कारण एकदा गेली होती तेव्हा तिच्या भावानंच तिला परत आणून सोडलं होतं आणि थोरल्यानं त्याचा छान पाहुणचार केला होता. त्यानंतर काय झालं ते तिनं सांगितलं नाही. नुसती बाही खाली ओढली.

"ते शोधतील," ती म्हणाली.

"शोधतील."

"मग?"

"मग शोधू देत. तू तिथं नसशील."

सून कितीतरी वेळ एकच पेला विसळत राहिली. शेवटी तिनं तो पालथा घातला आणि होय म्हणाली. म्हणाली म्हणजे काय, ओठ हलले.

बेत काकूंनीच ठरवला. पडल्या पडल्या त्यांनी तो बहुधा पूर्वीच जुळवून ठेवला असावा. नक्कल पुरी झाली की चौकट लागणार. जुन्या चौकटीसारखी हवी तर चौकटवाल्याकडेच जायला हवं. ओला कॅनव्हास गुंडाळता येत नाही, दोघांनी दोन्ही बाजूंनी कडेला धरून न्यावा लागतो. काकूंनी थोरल्याकडे लकडा लावला, की धाकट्याची वस्तू आहे, त्यात खोट निघाली तर तो जन्मभर बोलून दाखवेल, तेव्हा तू जातीनं जा आणि लाकूड पसंत कर. तो गाडी चालवणार, मग चित्र कोण धरणार? ताई आणि सून. त्यानं दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

निघताना काकूंनी सुनेला जवळ बोलावलं, शाल नीट करायचं निमित्त करून. काय बोलल्या ते ताईला ऐकू आलं नाही. ताईनं हळूच विचारलं, "आणि तुम्ही, काकू?"

"मी कुठे जातेय," काकू म्हणाल्या. "मी इथं असले म्हणजे त्याला वाटत राहील ती परत येईल. चार दिवस तरी वाटेल. तेवढे पुरेत."

चौकटवाला ताईचा जुना ओळखीचा. त्याला तिनं फारसं काही सांगितलं नव्हतं, मागचं दार उघडं ठेव एवढंच. पुढे दुकान, मागे करवतीचा कारखाना, आणि कारखान्याचं दार मागच्या गल्लीत. थोरला पुढे लाकडाचे नमुने बघत बसला. चौकटवाल्यानं एकामागून एक नमुने काढून त्याच्यासमोर मांडले. मापं घ्यायला चित्र आत न्यावं लागेल, असं ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. थोरल्यानं मान डोलावली. दोघी चित्र धरून पडद्याआड गेल्या.

आत भुशाचा वास होता आणि करवत चालू होती. त्यांनी चित्र टेबलावर आडवं ठेवलं. सुनेच्या बोटांना निळा रंग लागला होता, ती तो पदराला पुसत राहिली. ताईनं तिला खांद्याला धरून दाराकडे वळवलं. गल्लीत बहिणीची डिलिव्हरीची गाडी उभी होती, इंजिन चालू. सून चढली. तिनं मागे वळून बघितलं नाही. बहिणीची एक जुनी मैत्रीण दुसऱ्या गावी पुस्तकबांधणीचा कारखाना चालवायची, तिथं राहायची सोय होती. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ताई दारात उभी होती. मग तिनं कारखान्यातला नळ सोडला आणि चित्राजवळ येऊन उभी राहिली.

पडदा सरकला.

"ती?" थोरल्यानं विचारलं.

"हात धुतेय. रंग लागला होता."

त्यानं वाहत्या नळाकडे पाहिलं. सावकाश चालत जाऊन तो बंद केला. मग उघड्या दाराकडे पाहिलं, गल्लीतल्या चाकांच्या ताज्या खुणांकडे पाहिलं, आणि शेवटी ताईकडे. करवत थांबली होती. चौकटवाला पडद्याशी हातात पटाशी घेऊन उभा होता. आता हा ओरडेल, हात उचलेल, या अपेक्षेनं ताईनं टेबलाची कड घट्ट धरली. आपली बोटं पांढरी पडलीत हे तिला दिसत होतं, पण सोडवत नव्हती.

थोरला चित्रावर वाकला. बराच वेळ त्यानं ते डोळे बघितले.

"चौकट गडद लाकडाचीच करा," तो म्हणाला, आणि पुढच्या दारानं निघून गेला.

ताईनं तिथूनच धाकट्याला फोन लावला. त्यानं आधी काखा वर केल्या. दादा जरा शिस्तीचा आहे, वहिनींचं डोकंच जरा असं, आपण मध्ये पडू नये. ताई त्याच्याशी वाद घालत बसली नाही. ती म्हणाली, "तुमची आई आत्ता त्या घरात त्यांच्याबरोबर एकटी आहे." तासाभरात तो डॉक्टर आणि रुग्णवाहिका घेऊन भावाच्या फाटकापाशी उभा होता. थोरल्यानं अडवलं नाही. दार उघडून दिलं, आईची औषधं नीट पिशवीत भरून दिली, कुठलं कधी द्यायचं ते समजावून सांगितलं. स्ट्रेचर उंबऱ्यावरून जाताना तो आईला एकच म्हणाला, की तुझं चित्र माझ्याकडे राहील. काकू म्हणाल्या, राहू दे. पुढे धाकट्यानं तयार नक्कल घरी आणली, तेव्हाही काकूंनी ती आपल्या खोलीत लावू दिली नाही.

इकडे बांधणी कारखान्याच्या गावी सुनेनं पोलीस ठाण्यात जाऊन लिहून दिलं, की मी माझ्या मर्जीनं घर सोडलंय. पोलिसांच्या लेखी प्रकरण मिटलं. थोरल्याच्या लेखी नाही.

काही दिवसांनी तो छपाईच्या दुकानात आला. ताई आतल्या बाजूला कॅनव्हास ताणत होती. त्यानं काउंटरवर सुनेचा फोटो ठेवला. लग्नातला होता, कडेला कुणाचा तरी खांदा कापलेला. याच्या मोठ्या प्रती हव्यात, तो म्हणाला. वर 'हरवली आहे' आणि खाली 'मनावर परिणाम झालेला आहे, दिसल्यास कळवावे'. त्याखाली त्याचा नंबर. सगळं अदबीनं, हळू आवाजात.

"मशीन बंद आहे," बहीण म्हणाली. मशीन तिच्या पाठीमागे धडधडत होतं, एक लांबलचक समुद्र छापून बाहेर पडत होता.

थोरल्यानं समुद्राकडे बघितलं. "असू दे," तो म्हणाला. "गावात मशिनं पुष्कळ." आणि फोटो उचलताना आत बघून पुढे म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात ना ताई, मशीनमध्ये चित्राचा जीव जातो. मला जीव नकोच आहे. चेहरा पुरे."

ताई असं कधी त्याला म्हणाली नव्हती. संग्रहालयातल्या एका ओळखीच्या बाईंना म्हणाली होती, फार पूर्वी. तो आणखी कुणाकुणाशी बोलून आला होता, आणि कशाकशाबद्दल, कुणास ठाऊक.

आठवड्याच्या आत सुनेचा चेहरा गावभर झाला. विजेच्या खांबांवर, बसथांब्यांवर, दवाखान्याच्या भिंतीवर. दुकानासमोरच्या खांबावर तर तो बरोबर काउंटरच्या उंचीवर चिकटवला होता. शेजारपाजारच्या गावांतूनही तो लागल्याचं कानावर आलं. छपाई स्वस्तातली होती. बहिणीनं एकच नजर टाकून सांगितलं, की लहान फोटो ताणून मोठा केलाय, चेहऱ्याचे ठिपके सुटलेत, हिला हिची आईसुद्धा ओळखणार नाही. आणि झालं तसंच. लोक भलत्याच बायकांना अडवू लागले. थोरल्याला फोन जात, तो गाडी काढून जाई. कुणा शिक्षिकेला बसमधून उतरवलं, कुणा परिचारिकेला घरापर्यंत गाठलं. प्रत्येक वेळी तो नम्रपणे माफी मागून परत येई आणि दुसऱ्या दिवशी नवे कागद चिकटवी.

उन्हानं ते कागद विटत. स्वस्त शाईतला लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. त्यामुळे दोन-तीन दिवसांत सुनेचा चेहरा निळा पडत जाई आणि डोळे तेवढे काळे उरत. मग त्यावर नवा, ताजा, लालसर चेहरा येई. ताईला त्याचा हिशेबच कळायला लागला. खांबावरचा चेहरा पूर्ण निळा झाला, की तो येऊन गेल्याशिवाय राहायचा नाही. दुकान उघडताना ती आधी खांबाकडे बघे. ताजा कागद असला की तिला बरं वाटे. म्हणजे अजून सापडली नाही.

आणि मग एकदा कागद निळा झाला आणि तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशी त्याचा कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडायला लागला, तरी कुणी फिरकलं नाही.

"दमला असेल," बहीण म्हणाली, पण तिनंच आधी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

ताईनं सुनेला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बांधणीवाल्या मैत्रिणीला लावला, तिथंही कुणी उचलेना. दुपारी शेवटी अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज सुनेचा होता.

ती म्हणाली, की काल कारखान्यासमोर एक गाडी उभी होती. बराच वेळ. आत कोण होतं ते तिनं बघितलं नाही, बघायची गरज वाटली नाही. मैत्रिणीनं तिला पहाटेच्या आधीच कागदाच्या गठ्ठ्यांच्या ट्रकमध्ये बसवून दिलं. आता ती दुसरीकडे आहे. काम मिळेल असं दिसतंय.

"ताई, आता कुठे आहे ते तुम्हालाही सांगणार नाही मी."

"नकोच सांगूस," ताई म्हणाली. "आणि हा नंबरही पुन्हा वापरू नकोस."

मग सुनेनं विचारलं, की काकू कशा आहेत. ताईनं सांगितलं, की धाकट्यांकडे बऱ्या आहेत, खिडकीशी खाट हलवून घेतलीय, नातीशी पत्ते खेळतात आणि तिला खुशाल फसवतात. पलीकडे सून हसली. तिला हसताना ताईनं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी थोरला आला. दाढी वाढलेली होती, कपडे प्रवासात चुरगळलेले. त्याला तसं बघून ताईला जास्तच भीती वाटली. तो काउंटरशी न थांबता सरळ आत आला आणि ताईसमोर उभा राहिला. पहिल्यांदाच समोर, मागे नाही. बहीण काउंटरवरची कागद कापायची मोठी कात्री उचलून दोघांच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही."

तो तिचा चेहरा वाचू लागला. डोळे, पापण्या, ओठ, पुन्हा डोळे. चेहरे वाचण्यात त्याचा हातखंडा होता. घरातलं कोण काय लपवतंय, कुणी काय कुणाला सांगितलंय, हे त्यानं सगळं आयुष्य असंच ओळखलं होतं. ताईनं नजर वळवली नाही. ती घाबरली होती आणि ते तिनं लपवलंही नाही. पण ती खरं बोलत होती. आणि हळूहळू ते त्याला दिसलं.

त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी ढळलं. तो आणखी थोडा वेळ उभा राहिला, जणू पुढे काय विचारायचं असतं ते आठवत नसावं. मग मागे वळला आणि रस्त्यावर जाऊन कुठल्या बाजूला वळायचं ते न ठरल्यासारखा फुटपाथवर थांबून राहिला. दोघी बहिणी काचेतून त्याच्याकडे बघत होत्या. तो तिथून हलेपर्यंत कुणीही शटरला हात लावला नाही.